१९८८ ची मिळते, परवाची मिळत नाही

मॅकलारेनची एमपी४/४ मी आज रात्री जेवण झाल्यावर ऑर्डर करू शकतो. म्हणजे तिचं जोडायचं मॉडेल. १९८८ ची एफ-वन शर्यतीची गाडी, सेना आणि प्रोस्ट चालवायचे, त्या वर्षीच्या सोळा शर्यतींपैकी पंधरा ह्याच गाडीने मारल्या. तिला थांबून तीन तपं उलटली, सेना १९९४ ला इमोलात गेला, पण टॅमिया कंपनी तिचं १/२० स्केलचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या विसाव्या हिश्श्याचं, प्लॅस्टिक किट अधूनमधून परत काढत असते आणि ते कुठे ना कुठे मिळतंच. आता ह्याच मॅकलारेनची एमसीएल३९ घ्या, जिच्यात बसून लँडो नॉरिस २०२५ चा वर्ल्ड चॅम्पियन झाला. तिचं तसलं किट शोधायला मी बसलो की रेझिनवाले छोटे मेकर दिसतात, थ्रीडी प्रिंटच्या फाइली दिसतात, काचेच्या डबीतली तयार डायकास्ट दिसते, लेगो तर ढिगाने दिसतं. पण मोठ्या कंपनीचा, तीन-चार हजारांचा, उघडून शनिवारी बसावं असा साधासरळ बॉक्स काही हाताला लागत नाही.

म्हणजे गाडी जितकी जुनी तितकी सोपी मिळणार आणि जितकी नवी तितकी महाग किंवा गायब. मोबाइलच्या बाबतीत असं झालं असतं तर लोकांनी दुकान फोडलं असतं.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण "म्हणजे खेळण्यातली गाडी ना?" हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात एकदा तरी येतो. डायकास्ट म्हणजे तयार गाडी, बॉक्समधून काढायची आणि ठेवायची. किट म्हणजे प्लॅस्टिकच्या चौकटी, त्याला रनर किंवा स्प्रू म्हणतात, त्याच्यावर लटकलेले सुटे पार्ट, एक डीकलचा, म्हणजे लोगो-नंबरच्या स्टिकरचा कागद, रबरी टायर आणि चित्रांचं माहितीपत्रक. बाकी सगळं तुम्ही. कापा, घासा, प्रायमर मारा, रंगवा, डीकल पाण्यात भिजवून बसवा, वर क्लियर कोट, परत घासा. जुन्या एमपी४/४ च्या किटमध्ये मागचं झाकण उघडलं की आत होंडाचं टर्बो इंजिन, त्याचे पाइप, रेडिएटर सगळं असतं, आणि ते जोडताना गाडी कशी बांधली होती ते हाताला कळतं. मला तरी ह्यातच मजा आहे, शोकेसमध्ये ठेवणं हा बोनस.

ही सगळी दुनिया बऱ्यापैकी एका गावाभोवती फिरते, जपानमधलं शिझुओका. टॅमिया तिथलीच, १९४६ साली लाकडाच्या धंद्यात सुरू झालेली, मग लाकडी मॉडेल, मग प्लॅस्टिक. हासेगावा, आओशिमा, फुजिमी हे पण त्याच जिल्ह्यातले, जपानातल्या प्लॅस्टिक मॉडेलचा बहुतांश माल ह्या भागातून निघतो. टॅमियाने १९६७ मध्ये होंडाची एफ-वन गाडी मोठ्या १/१२ स्केलमध्ये काढली आणि १९७७ च्या सुमाराला सहा चाकांच्या टायरल पी३४ पासून १/२० ची ग्रां प्री मालिका चालू केली. कंपनीचे शुनसाकु टॅमिया, जे जुलै २०२५ मध्ये नव्वदाव्या वर्षी गेले, त्यांची एक गोष्ट ह्या नादातल्या प्रत्येकाला पाठ असते. सत्तरच्या दशकात पोर्शचं मॉडेल नीट व्हावं म्हणून त्यांनी खरी ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून टाकली. आपल्याकडे लोक नव्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक दोन वर्षं काढत नाहीत.

मग आला सुवर्णकाळ. १९८७ साली तीन गोष्टी जपानात एकदम झाल्या. सातोरू नाकाजिमा लोटसकडून पूर्ण सीझन खेळायला लागला, सुझुकाला ग्रां प्री आली आणि फुजी टीव्हीने शर्यती दाखवायला सुरुवात केली. त्यात होंडाची इंजिनं सगळ्यांना धूळ चारत होती आणि जपानी लोकांच्या खिशात पैसा खुळखुळत होता. टॅमियाने त्या काळात एफ-वनची किटं धडाधड काढली, लोटस ९९टी, विल्यम्स एफडब्ल्यू११बी, बेनेटन बी१८८, फेरारी, जॉर्डन १९१, एफडब्ल्यू१४बी, मॅकलारेन तर जवळपास दरवर्षीची. गंमत म्हणजे १९९१ च्या लोटस १०२बी गाडीवर टॅमियाचाच लोगो होता, कंपनी टीमची स्पॉन्सर होती, म्हणजे किटच्या डीकलवर स्वतःचंच नाव छापायचं आणि परवानगीही स्वतःचीच.

तो काळ मी थेट पाहिलेला नाही. आमच्याकडे तेव्हा दूरदर्शन होतं आणि दुबईहून येणारे एक काका होते, ते येताना टेपरेकॉर्डर आणायचे, एकदा मात्र विमानाचं किट आणलं होतं. गाड्यांचा नाद नंतर लागला, नोकरी लागल्यावर, शूमाखरच्या वर्षांत, आणि तोपर्यंत किटांची गर्दी ओसरायला लागली होती.

आता टॅमियाच्या २००२ नंतरच्या गाड्या बघा. २००९ ची फेरारी एफ६०. मग २०१० ची रेड बुल आरबी६, जिच्यात फेटेल पहिल्यांदा चॅम्पियन झाला. मग थेट २०१७ ची फेरारी एसएफ७०एच. मधली सगळी वर्षं, मर्सिडीजच्या राज्याची पहिली वर्षं, हॅमिल्टनची २०१४ आणि २०१५ ला ओळीने जिंकलेली टायटलं, सगळं वगळून. फुजिमीने मध्ये फेरारी आणि सॉबर काढल्या, एब्रो नावाच्या कंपनीने मॅकलारेन होंडाची २०१५ ची ती बिचारी एमपी४-३० काढली, जी ट्रॅकवर धड चालत नव्हती पण किट मात्र झकास होतं. आणि ती एसएफ७०एच बघा, इंजिनच्या झाकणावर शार्कच्या पंखासारखी उभी फळी, तिच्यामागे टी-विंग नावाचा छोटा पंख, हे दोन्ही २०१८ ला नियमांनी उडवलं आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर हेलो, म्हणजे संरक्षक कमान आली. म्हणजे किट दुकानात पोचेपर्यंत गाडी एक पिढी जुनी.

का होतं असं? लोक पटकन म्हणतात की कंपन्या लोभी झाल्या. मला ते पटत नाही.

माझा एक मित्र भोसरीला टूलरूममध्ये आहे, गाड्यांच्या डॅशबोर्डचे, हँडलचे वगैरे मोल्ड, म्हणजे साचे बनवतात. त्याला मी एसएफ७०एचचा एक रनर दाखवला. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, खिडकीत नेऊन उलटसुलट केला आणि पहिलं वाक्य काय, तर "अरे, ह्यांनी पार्टिंग लाइन कुठे लपवलीय बघ!" पार्टिंग लाइन म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उमटणारी रेघ. मग तो बोलतच सुटला. इजेक्टर पिनच्या खुणा आतल्या बाजूला कशा घेतल्यात, ह्या पातळ पंखात प्लॅस्टिक शेवटपर्यंत पोचवायला गेट कुठे दिलाय, हे कोपरे कटरने निघतच नाहीत, स्पार्कवर घ्यावे लागतात, वर पॉलिशचं काम हाताने. मी विचारलं, आपल्याकडे करायचं झालं तर? तो म्हणाला की असला एक मोल्ड कित्येक लाखांत जाईल, आणि तुझ्या बॉक्समध्ये असे पाच-सहा रनर आहेत ना, शिवाय डिझाइन, शिवाय ट्रायल, म्हणजे तूच गुणाकार कर. आणि मग त्याने जो प्रश्न विचारला तो खरा धंद्याचा प्रश्न आहे: "हा मोल्ड किती वर्षं चालणार त्यांचा?"

मोल्ड वर्षानुवर्षं चालतो. गाडी नाही चालत. एफ-वनची गाडी एका सीझनची, आणि त्या सीझनमध्येही बहरीनला जी धावली ती अबू धाबीला नसते. पुढचा पंख बदललेला, फ्लोअरच्या कडा बदललेल्या, साइडपॉडचा आकार वेगळा. किट काढायचं तर कुठल्या शर्यतीची गाडी, हे आधी ठरवायला लागतं, आणि हे ठरवताना गाडी अजून टीमच्या कारखान्यात कपड्याखाली असते. टीमवाले फ्लोअरचा फोटोसुद्धा कुणाला काढू देत नाहीत, क्रेनने गाडी उचलली की बाकीच्या टीमचे फोटोग्राफर धावतात, तिथे मॉडेल कंपनीला माप कोण देणार? १९८८ ला गाडीचा आकार म्हणजे एक गुळगुळीत नळी, चार चाकं, दोन पंख. २०१७ च्या गाडीला कॉकपिटच्या बाजूला बार्जबोर्डचं जे जंगल आहे ना, एकावर एक पात्यांचं, ते १/२० मध्ये प्लॅस्टिकमध्ये ओतायचं म्हणजे प्रत्येक पातं कागदाइतकं पातळ हवं आणि तरी मोडायला नको.

परवानग्यांचा घोळ वेगळाच. पूर्वी गाडीवर एक मोठा सिगरेटवाला, एक तेलवाला आणि एक टायरवाला असायचा. आता एका गाडीवर इतके लोगो की गाडी म्हणजे वर्तमानपत्राचं जाहिरातीचं पान. टीमचं लायसन वेगळं, स्पॉन्सरची संमती वेगळी, आणि स्पॉन्सर टिकतीलच ह्याची खात्री नाही. मर्सिडीजवर २०२२ ला एफटीएक्स ह्या क्रिप्टो कंपनीचं नाव होतं, नोव्हेंबरमध्ये ती कंपनी बुडाली आणि ब्राझीलच्या शर्यतीआधी लोगो खरवडले. हास टीमच्या गाडीवर त्याच वर्षी रशियन खत कंपनीचं नाव होतं, युक्रेन युद्ध सुरू झालं आणि सीझन चालू व्हायच्या आधीच गाडी पांढरी. समजा तुम्ही किटवाले आहात आणि डीकल छापून तयार आहेत, काय करणार?

सिगरेटचा मुद्दा तर जुन्या गाड्यांनाही चिकटलेला आहे. युरोपने २००५ पासून तंबाखूच्या स्पॉन्सरशिपवर बंदी आणली, फेरारीने काही वर्षं नावाऐवजी बारकोड लावून चालवलं आणि २०१० मध्ये तोही काढला. त्यामुळे एमपी४/४ चं जे किट मिळतं त्यात लाल-पांढरा रंग असतो पण ज्या कंपनीमुळे तो रंग आला तिचं नाव नसतं. ते डीकल वेगळे घ्यायचे, छोट्या विक्रेत्यांकडून. मी घेतलेत. ज्या घरात आयुष्यात कुणी सिगरेट ओढली नाही त्या घरात सिगरेटच्या नावाचे स्टिकर पाकिटात जपून ठेवलेत.

आता पैशाचं बोलू, कारण शेवटी सगळे तिथेच येतात.

जपानात १/२० च्या टॅमिया एफ-वन किटची किंमत साधारण चार-पाच हजार येन, म्हणजे आपले अडीच-तीन हजार. हे मला महाग वाटत नाही, खरंच नाही, एका सिनेमाला चौघं गेले आणि पॉपकॉर्न खाल्ला तर तेवढेच जातात आणि सिनेमा तीन तासांत संपतो. पण ती किंमत शिझुओकातली. तिथून पुण्यापर्यंत येताना तिच्यावर टपाल चढतं, कस्टम ड्युटी चढते, त्यावर जीएसटी चढतो. कस्टमच्या पुस्तकात ९५०३ नावाचं शीर्षक आहे, त्यात बाहुल्या, तीनचाकी सायकली, कोडी आणि स्केल मॉडेल सगळे एकाच रांगेत उभे आहेत. २०२० च्या बजेटमध्ये ह्या शीर्षकावरची ड्युटी वीस टक्क्यांवरून साठ केली आणि २०२३ ला सत्तर. हेतू चांगलाच होता, स्वस्त चिनी खेळणी थांबवायची आणि इथल्या कारखान्यांना हात द्यायचा. पण १/२० ची फेरारी इथे कुणीच बनवत नाही, तिला थांबवून कुणाचं भलं झालं मला कळलेलं नाही. त्याच सुमाराला, डिसेंबर २०१९ मध्ये, परदेशातून पाच हजारांपर्यंतची भेटवस्तू ड्युटीशिवाय यायची ती सवलत गेली, आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अलीएक्स्प्रेस बंद झालं, जिथून लोक सुटे पार्ट आणि हत्यारं मागवायचे. वर्षभरात तिन्ही दारं लागली.

त्यामुळे इथे जे दोन-चार आयात करणारे टिकलेत त्यांच्याकडे तेच किट पाच-सहा हजारांना असतं, आणि मी त्यांना दोष देत नाही, त्यांचा माल पडून राहतो, एक किट विकायला त्यांना कधी कधी वर्ष लागत असेल. अमेरिकेतल्या, जर्मनीतल्या मराठी मित्रांना सांगून बॅगेत मागवायचा मार्ग सगळेच वापरतात. त्यातही बॉक्स मोठा असतो, आत हवाच जास्त, मग तो मित्र म्हणतो बॉक्स फेकून फक्त रनर आणू का. बॉक्सवरचं चित्र अर्ध्या किमतीचं असतं रे, कसं सांगू त्याला.

आणि किट हा फक्त तिकिटाचा खर्च, जेवण पुढेच आहे. आधुनिक गाडी म्हणजे कार्बन फायबर, आणि प्लॅस्टिक काही कार्बनसारखं दिसत नाही, मग कार्बनच्या विणीचे डीकल वेगळे घ्यायचे, प्रत्येक पट्टी कापून सॉफ्टनर लावून वळणात बसवायची. सीटबेल्ट, डिस्क, अँटेना ह्यांचा फोटो-एचचा, म्हणजे रसायनाने कोरलेला बारीक पत्रा वेगळा. हे सगळं जोडलं की किटइतकाच खर्च परत होतो. रंगाचं तर विचारूच नका. टॅमियाचे स्प्रे कॅन विमानाने येत नाहीत, ज्वालाग्राही माल, त्यामुळे इथे आले की सोन्याच्या भावाने. ह्याच्यावर मात्र आपल्याकडे देशी तोडगा आहे. एअरब्रश आणि छोटा कॉम्प्रेसर मी गणपती रंगवणाऱ्यांना माल देणाऱ्या दुकानातून घेतला, आणि रंग नाना पेठेतून, जिथे गाड्यांचा टच-अप रंग मिक्स करून देतात. शंभर मिली द्या म्हटलं की दुकानदार विचारतो कुठल्या गाडीला, मी म्हणतो फेरारीला, तो हसतो आणि मारुतीचं शेड कार्ड पुढे करतो. माझी फेरारी मारुतीच्या लाल रंगात आहे. कुणाला सांगू नका, आजवर कुणाला ओळखूही आलेलं नाही.

ह्याच्या वरचा मजला आहे मॉडेल फॅक्टरी हिरो. जपानीच कंपनी, रेझिन, व्हाइट मेटल, खरे स्क्रू, खऱ्या तारा, कमी संख्येत काढतात. प्लॅस्टिक किटांसारखे स्टीलचे मोल्ड लागत नाहीत म्हणून त्यांना थोड्या प्रती काढूनही परवडतं, पण मग एकेक प्रत महाग पडते. १/२० चं किट वीस-तीस हजार येनच्या घरात आणि १/१२ चं लाख येनच्या आसपास. त्याच्यावर आपली ड्युटी लावून बघा म्हणजे सेकंडहँड स्कूटर येते. मी फक्त माहितीपत्रकं डाउनलोड करून वाचतो, तेही चांगलं वाचन आहे.

मग सध्याची एफ-वन गाडी घरात आणायची कुणी सोय केली? लेगोने. २०२२ ला मॅकलारेन काढली, १४३२ तुकडे, दोन फुटांहून लांब. २०२४ ला मर्सिडीज डब्ल्यू१४, १६४२ तुकडे. २०२५ ला फेरारी आणि रेड बुल, शिवाय छोट्या आकारात दहाच्या दहा टीम. त्याच वर्षी मायामीला ड्रायव्हर लोकांना लेगोच्या खऱ्या आकाराच्या गाड्यांत बसवून मिरवणूक काढली आणि ते एकमेकांवर आपटत फिरले. मोठ्या लेगोची किंमत इथे वीस हजारांच्या आसपास, म्हणजे टॅमियाच्या कितीतरी पट, आणि तरी ते खपतं. कारण लेगोला आकार हुबेहूब लागतच नाही. बार्जबोर्डचं पातं वीस अंशांऐवजी तीस अंशात असलं तरी लेगोला चालतं, टीमलाही चालतं, गुपित फुटत नाही, आणि तेच तुकडे उद्या दुसऱ्या गाडीत जातात. पहिली मॅकलारेन तर खऱ्या गाडीच्या बरोबरीने डिझाइन होत होती. किटवाल्याला हे जमत नाही, त्याच्या गिऱ्हाइकाला एक मिलिमीटरचा फरक दिसतो आणि तो चार पानी तक्रार लिहितो. ते गिऱ्हाईक म्हणजे मीच.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. नेटफ्लिक्सवरच्या मालिकेपासून त्याला एफ-वनचं वेड लागलं, टायरचे कंपाउंड पाठ, पिट स्टॉपच्या वेळा पाठ. त्याला मी एकदा आरबी६ दाखवली, म्हटलं ह्याच फेटेलने आपल्या नोएडाच्या ट्रॅकवर तिन्ही वर्षं जिंकलं, २०११, १२, १३. तो म्हणाला, "मामा, भारी आहे, पण एवढे महिने कोण बसणार? लेगो दोन दिवसांत होतं आणि रंगवायचं पण नाही." बरोबर आहे त्याचं. शिझुओकातल्या कंपन्यांनाही हे आमच्या आधीच कळलंय, म्हणून त्या माझ्यासारख्यांना ओळखून आहेत. ज्याच्याकडे पैसे आणि संध्याकाळ दोन्ही आहेत तो माणूस पन्नाशीच्या आसपासचा आहे, त्याला त्याच्या कॉलेजच्या वेळची गाडी हवी आहे, आणि तिचा मोल्ड गोदामात तयार आहे, खर्च कधीच वसूल झालेला. मग नवीन मर्सिडीजसाठी कोण जोखीम घेईल? मी त्यांच्या जागी असतो तर मीपण एमपी४/४ च परत काढली असती, आणि माझ्यासारख्यांनी ती परत घेतली असती. नव्या गाड्यांची किटं आमच्या वयानेच अडवून धरली आहेत असं मला हल्ली वाटायला लागलंय.

हेच गणित उलटं कुठे चालतं ते बघायचं असेल तर जीटी३ कडे बघा, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांकडे. ह्या गाड्या कंपनी बनवते आणि कुठल्याही टीमला विकते, एकच डिझाइन अनेक वर्षं मंजूर राहतं, फक्त रंग बदलतात. स्पाला वेगळी टीम, न्युर्बुर्गरिंगला वेगळी, मकाऊला वेगळी. किट कंपनीच्या दृष्टीने स्वर्ग, मोल्ड एकदा करायचा आणि डीकलचा कागद बदलून नवा बॉक्स काढत राहायचं. नुनु नावाच्या ब्रँडने बीएमडब्ल्यू एम६ जीटी३ आणि ऑडी आर८ असंच केलं. टॅमियाने मर्सिडीज एएमजी जीटी३ काढली, ल मांसची टोयोटा टीएस०५० काढली. रॅलीवाल्यांसाठी बेल्जियमची बेल्किट्स आहे, पोलो, फिएस्टा, ह्युंदाई आय२०, त्यातली आय२० तर आपल्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाडीची बहीण. भोसरीच्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ही सगळी १/२४ ची, पंख-पाती कमी, बंद बॉडी, मोठे सपाट भाग, रंगवायला मजा आणि तुलनेने सोपी. माझ्या शेल्फावर हल्ली आधुनिक म्हणावं असं जे काही येतं ते ह्याच बाजूने येतं.

थ्रीडी प्रिंटचं काय, हे भाचा सारखं विचारतो. त्याने कॉलेजच्या मित्राच्या रेझिन प्रिंटरवर एका चालू गाडीचं नाक आणि पुढचा पंख काढून आणला, आणि मला मान्य करायला लागेल, पातळपणा टॅमियाच्या तोडीचा होता. मोल्डचा सगळा खर्चच गेला, एक प्रत काढा की हजार, सारखंच. हेलो, मिरर, चाकांच्या टोप्या असले सुटे भाग तर आता बरेच छोटे मेकर प्रिंट करूनच विकतात. पण त्या फाइली कुणीतरी फोटो बघून बसून बनवलेल्या असतात, काही सुंदर, काही नुसता अंदाज, लायसनचा प्रश्न तर कुणी काढतच नाही. आणि प्रिंट झाल्यावर ते धुवायचं, सपोर्ट तोडायचे, थरांच्या रेघा घासायच्या, वासाने डोकं दुखतं. डीकल परत कुठून आणायचे हा प्रश्न आहेच. भाच्याचा पंख प्रायमर मारून तसाच माझ्या टेबलावर आहे, तो सेमिस्टर संपल्यावर येणार म्हणाला होता.

आत्ता कुणी नवीन माणसाने विचारलं की चालू काळातली रेसिंग गाडी बांधायचीय, कुठून सुरुवात करू, तर मी एफ-वनपासून लांबच ठेवतो. आधी एएमजी जीटी३ घे म्हणतो, बॉक्समधलेच डीकल, बाहेरचं काही नको, रंग नाना पेठेतला. हात बसला आणि एसएफ७०एच कुठे रास्त भावात दिसली तर घेऊन ठेव, उघडू नकोस लगेच, कारण स्टॉक संपला की ती परत कधी येईल ह्याचा काही नेम नाही. रिइश्यूची, म्हणजे किट परत निघायची वाट बघणारे आणि दुप्पट भावाने विकणारे असे दोन्ही लोक बाजारात आहेत.

मी स्वतः सध्या त्याच एएमजीवर बसलोय, पण वेगळ्या कारणाने. बंगळुरूचा अर्जुन मैनी २०२१ पासून डीटीएम ह्या जर्मन शर्यतमालिकेत मर्सिडीजची जीटी३ चालवत होता. फोर्स इंडिया ह्या आपल्या एफ-वन टीमचं टॅमियाने कधी किट काढलं नाही, त्यांच्या मिनीचॅम्प्सच्या डायकास्टचे भाव बघून मी केव्हाच नाद सोडला, पण भारतीय माणसाने चालवलेली गाडी स्वतः बांधायची तर ही एक शक्य आहे. अडचण एवढीच की त्याची इव्हो, म्हणजे सुधारित आवृत्ती होती आणि किटमधली तिच्या आधीची, त्यामुळे पुढची जाळी आणि नाक बदलायला लागतंय. प्लॅस्टिकची पट्टी, पुट्टी आणि भरपूर सँडपेपर एवढ्यावर डावी बाजू जमलीय, उजवी अजून पाव मिलिमीटर वर आहे.